पंचवीस कपांचं कडं

आमच्या मानोरा गावात चहा प्यायला की कागदी कप चुरगळून टपरीसमोरच्या डब्यात टाकायचा, अशी आपली रीत. गेल्या उन्हाळ्यात माझ्या भाचीनं ती मोडली. बारावीचे पेपर देऊन ती डिझाइनच्या प्रवेशपरीक्षांच्या मागे लागली होती. अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेत निवडीच्या पुढच्या टप्प्यावर स्टुडिओ टेस्ट असते. कागद, तार, स्ट्रॉ असलं साधंच सामान पुढ्यात येतं आणि त्यातून ठरल्या वेळात एखादी त्रिमितीय रचना उभी करायची असते. सरावासाठी कुणीतरी तिला सांगितलं होतं की रोजची एक वस्तू घे आणि तिच्यापासून जितके आकार निघतील तितके काढ. तिनं दोन दिवस वहीत चित्रं काढली, खोडली आणि तिसऱ्या दिवशी वही मिटून माझ्याकडे आली. "मामा, सुचतच नाही काही."

सुचणार कसं? कागदावर आपण तेच काढतो जे आधी डोक्यात असतं. डोक्यात नसलेलं हवं असेल, तर वस्तू हातात घ्यावी लागते आणि तिला थोडा त्रास द्यावा लागतो. म्हणून आम्ही बसस्थानकाजवळच्या टपरीवर गेलो आणि कोऱ्या कपांची पन्नासची चळत विकत मागितली. टपरीवाला हसला. "नुसते कप कायले पायजेत जी? चाय तं घ्या." चहाही घेतला.

घरी येऊन पहिलं काम मोजमापाचं. कपाचा वरचा व्यास ६ सेंटिमीटर, तळाचा साडेचार, उंची ६. दहावीच्या भूमितीत याच आकाराला शंकूछेद म्हणतात आणि त्याचं घनफळ काढायला लावतात; हा आकार असा का, हे मात्र कुणी विचारत नाही. कप वर रुंद आणि खाली अरुंद असतो याचं मोठं कारण म्हणजे कप कपात बसला पाहिजे. चळतीत प्रत्येक नव्या कपामागे उंची जेमतेम पाऊण सेंटिमीटर वाढते. म्हणून पन्नास कप अवघ्या ४३ सेंटिमीटरमध्ये मावतात. ते सरळ नळकांड्यासारखे असते तर तीच चळत तीन मीटर झाली असती आणि टपरीवाल्याला छप्पर उंच करावं लागलं असतं. ओठाची वळलेली कडाही शोभेची नाही. तिच्यामुळे पातळ कागदाच्या तोंडाला ताठपणा येतो आणि गरम कप दोन बोटांत धरला तरी चेपत नाही.

दुसरं काम कात्रीचं. कपाची तळाची चकती काढून टाकायची, जोडाच्या रेघेवर उभा काप घ्यायचा आणि कागद टेबलावर सपाट करायचा. कापण्याआधी मी भाचीला विचारलं, काय आकार निघेल? ती म्हणाली, वर रुंद, खाली अरुंद, म्हणजे समलंब चौकोन. बहुतेक सगळे हेच सांगतात. निघाला तो बांगडीचा तुकडा, दोन्ही कडा वाकलेल्या. तेवढ्यात माझी बहीण चहा घेऊन आली. ती पूर्वी शिवणकाम करायची. टेबलाकडे एक नजर टाकून म्हणाली, "हे तं अंब्रेला फ्रॉकचं कटिंग आहे." अगदी बरोबर. कमरेला तंग आणि खाली घेरदार असा झगा शिवायचा तर कापड याच वाकणात कापावं लागतं. शंकूचा पृष्ठभाग उलगडणं तिला भूमितीशिवाय येत होतं.

त्या तुकड्यानं आम्हाला एक गंमत दाखवली. आम्ही आणखी सात कप कापले आणि आठही पट्ट्या जोडाची घडी एकमेकींवर चढवत फरशीवर मांडत गेलो. आठवी पट्टी पहिलीला येऊन टेकली. बांगडी पूर्ण! तिच्या बाहेरच्या कडेची त्रिज्या मोजली तर २४ सेंटिमीटर, आतल्या कडेची १८. हे आकडे कपातच दडलेले होते. कप ६ सेंटिमीटर उंचीत दीड सेंटिमीटरनं बारीक होतो, म्हणजे दर ४ सेंटिमीटरला एक. त्याच चालीनं तो खाली वाढत गेला, तर ओठापासून २४ सेंटिमीटरवर त्याचं टोक होईल. चहाच्या कपाला टोक नसतं, पण ते कुठे असायला हवं होतं हे कपाच्या प्रत्येक बाजूला माहीत असतं.

आता उरलेले कप घेतले. एक कप आडवा, त्याच्या कुशीला दुसरा, ओठाला ओठ आणि तळाला तळ लावून. डिंक लावून पाहिला, पण ओठापाशी तो धरेना. या कपांना आतून प्लास्टिकचा पातळ थर दिलेला असतो आणि ओठाची कडा बाहेर वळवलेली असल्यामुळे तिथं तोच थर वर येतो. शेवटी स्टेपलर काढला. पाच-सहा कप जोडून झाल्यावर रांग सरळ राहीना, वळायला लागली. भाची ती दाबून सरळ करू पाहत होती. मी म्हटलं, वळते आहे तर वळू दे. पंचविसावा कप लावला आणि रांग जवळजवळ पुरी झाली. पहिल्या आणि शेवटच्या कपात पाव कपाएवढी फट राहिली. गणितही तेच सांगतं. प्रत्येक कप केंद्राशी सव्वाचौदा अंशांचा कोन करतो आणि ३६० ला सव्वाचौदानं भागलं की सव्वापंचवीस येतात. त्या कड्याची बाहेरची त्रिज्या किती? २४ सेंटिमीटर. आतली? १८. फरशीवरची सपाट बांगडी आणि हातातलं उभं कडं, दोन्ही एकाच मापाची निघाली. इतका वेळ वहीकडे न पाहणाऱ्या मुलीनं तेव्हा वही ओढून घेतली.

कड्यावर दुसरा थर चढवला, कपांच्या मधल्या खाचांत कप ठेवत, की आकार घुमटाकडे झुकायला लागतो. पुरा गोल करायचा तर दोनशेच्या वर कप लागतील. बाहेरून तो हातभराहून थोडा रुंद होईल आणि आतल्या पोकळीत फुटबॉल आरामात मावेल. पण इथं एक अडचण आहे आणि ती आपल्या हाताच्या कौशल्याची नाही. सपाट जमिनीवर गोल तोंडाच्या वस्तू दाटीनं मांडल्या की प्रत्येकीला सहा शेजारी मिळतात. गोलावर सगळ्यांनाच सहा शेजारी देता येत नाहीत. प्रत्येक कपाला पाच किंवा सहाच शेजारी ठेवायचे ठरवलं, तर पाच शेजारी असणारे कप नेमके बारा निघतात. एकही कमी नाही, एकही जास्त नाही. हा हिशेब ऑयलर या गणितज्ञाच्या सूत्रातून येतो. फुटबॉलवरचे काळे पंचकोन मोजून पाहा, बाराच भरतील.

मग आम्ही नियम बदलला. एक कप सुलटा, शेजारचा उलटा. आता एकाच्या रुंद ओठाशी दुसऱ्याचा अरुंद तळ येतो, वाकण फिटून जातं आणि रांग वळायचं सोडून ताठ भिंतीसारखी उभी राहते. दोन सुलटे, एक उलटा असं केलं तर वळण मंदावतं. काही अंतर सुलट्यांची आणि काही अंतर उलट्यांची सरशी ठेवली, तर रांग आधी एका बाजूला आणि मग दुसऱ्या बाजूला वळून नागमोडी होते. घुमट, भिंत आणि लाट ही तिन्ही रूपं त्या दीड सेंटिमीटरच्या फरकातून निघाली. भाचीनं पुढे आणखी एक प्रश्न काढला. चौकटीच्या मांडणीत, बुद्धिबळाच्या पटासारखं, प्रत्येक सुलट्याभोवती चार उलटे बसतात आणि सपाट थर होतो. तीन कप एकमेकांना चिकटवले तर? पहिला सुलटा, दुसरा उलटा, तिसरा कसा ठेवायचा? कसाही ठेवला तरी कुणा एकाशी त्याचं जुळत नाही. पदार्थविज्ञानात काही चुंबकीय पदार्थांचे अणू त्रिकोणात मांडलेले असतात आणि त्यांची हीच पंचाईत होते. शास्त्रज्ञ तिला 'फ्रस्ट्रेशन' म्हणतात. परीक्षेच्या तयारीत हा शब्द भाचीला आधीपासून ठाऊक होता, वेगळ्या अर्थानं.

रोजच्या वस्तूकडे असं बघण्याला आपल्या देशात एक नामांकित दाखला आहे. भारत सरकारच्या निमंत्रणावरून चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकी डिझायनर दाम्पत्य इथं हिंडलं आणि एप्रिल १९५८ मध्ये त्यांनी एक अहवाल दिला. देशभरातल्या इतक्या सुंदर वस्तूंमधून त्यांनी गौरवासाठी निवडला तो लोटा. लोटा नव्यानं बनवायचा म्हटलं तर कशाकशाचा विचार करावा लागेल, याची त्यांनी यादीच दिली: किती पाणी, हात केवढा, कमरेवर न्यायचा की डोक्यावर, भरलेला असताना तोल कुठे, ओतताना धार कशी पडते, घासताना हात आत जातो का, आत गरम काही असेल तर हातात धरवतो का, आपटला तर आवाज कसा येतो, मोडीत किती येतील. तो एका कुणी बनवलेला नाही, पिढ्यांनी घडवला आहे, असं त्यांचं म्हणणं. याच अहवालाच्या पाठीवर १९६१ मध्ये एनआयडी सुरू झाली. आपल्याकडे पवईला आयआयटीच्या आवारात १९६९ मध्ये इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर निघालं आणि त्याची घडी बसवणारे सुधाकर नाडकर्णी जर्मनीतल्या उल्मच्या डिझाइन शाळेत शिकून आले होते.

उल्मच्याही आधी नाव घ्यावं लागतं ते बाउहाउस या जर्मन डिझाइन शाळेचं. तिथल्या पायाभूत वर्गात जोसेफ आल्बर्स विद्यार्थ्यांना वर्तमानपत्रं वाटत आणि यांतून काहीतरी करा, कागद वाया घालवू नका, एवढंच सांगून निघून जात. परत येईपर्यंत मुलांनी किल्ले, जहाजं, मुखवटे केलेले असत. आल्बर्सना त्यांचं कौतुक वाटत नसे, कारण किल्ला दगडाचा आणि जहाज धातूचं जास्त चांगलं होतं. एकदा एका मुलानं कागदाला फक्त उभी घडी घालून तो टेबलावर उभा केला होता. आल्बर्सनी तो उचलून सगळ्यांना दाखवला. मऊ कागद घडीमुळे ताठ होतो आणि आपल्या कडेवर उभा राहतो, हे कागदाचं कागदपण त्या मुलानं पकडलं होतं. आमच्या कपांच्या बाबतीतही भाचीचा पहिला विचार कपाचा हत्ती करण्याचा होता. हत्ती गोंडस झाला असता. पण त्या हत्तीनं कपाबद्दल आम्हाला काही सांगितलं नसतं.

कप संपल्यावर आम्ही काड्यांकडे वळलो. एकोणिसाव्या शतकात बालवाडीची कल्पना मांडणाऱ्या फ्रेडरिक फ्रोबेलनं मुलांना भिजवलेले वाटाणे आणि बारीक काड्या खेळायला दिल्या होत्या. वाटाण्यात काडी खुपसायची. वाटाणा वाळला की सांधा पक्का. अमेरिकेतल्या एका शाळेत अशाच काड्यांशी खेळणारा एक मुलगा होता. डोळे इतके अधू की घरांच्या चौकोनी आकारांची त्याला नीट कल्पनाच नव्हती. बाकीची मुलं घरांसारखे चौकोन करत होती. हा हातानं चाचपडत जे डगमगत नाही तेच जोडत गेला आणि त्यानं त्रिकोणांची जाळी केली. पुढे तो बकमिन्स्टर फुलर झाला आणि १९६७ च्या माँट्रियल प्रदर्शनात त्यानं त्रिकोणांचा अवाढव्य घुमट उभा केला. आमच्या भागात वाटाण्यापेक्षा हरभरा जवळचा. रात्री भिजवलेले हरभरे आणि खराट्याच्या काड्या, एवढ्यावर काम भागतं.

चार काड्यांचा चौकोन बोटानं ढकलला की कलंडतो, तीन काड्यांचा त्रिकोण हलत नाही. त्रिमितीत याचा हिशेब जेम्स क्लार्क मॅक्सवेल या शास्त्रज्ञानं १८६४ मध्ये मांडला. सांधे मोजा, तिनानं गुणा, सहा वजा करा; ताठ सांगाड्याला निदान तेवढ्या काड्या हव्यात. चार सांध्यांच्या चतुष्फलकाला सहा लागतात आणि त्याच्याकडे सहाच असतात, म्हणून तो दगडासारखा बसतो. घनाला आठ सांधे, म्हणजे अठरा काड्या हव्यात. त्याच्याकडे बारा आहेत. घन डुलतो. सहा कमी पडल्या आणि घनाला बाजूही सहाच असतात. प्रत्येक बाजूवर एक तिरपी काडी लावली की डुलणं बंद. हरभऱ्यांवर हे करून पाहताना एखादा दाणा फुटतो, पण आकडा चुकत नाही.

हाच खेळ भारतात घरोघरी नेला तो अरविंद गुप्ता यांनी. आयआयटी कानपूरचे इंजिनियर, पुण्यात टेल्कोत नोकरी. १९७८ मध्ये वर्षभराची रजा घेऊन ते मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. तिथं सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी आणि आगकाडी यांची त्यांनी जोडी लावली. नळीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा, त्याच्या दोन तोंडांत दोन काड्या; त्याला भोक पाडून दुसरा तुकडा आरपार ओवला की तीन-चार काड्यांचा सांधा. काही आण्यांत मेकॅनो तयार. नंतर ते पुण्याच्या आयुका या संशोधन संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत बरीच वर्षं होते. सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीचा हात लागलेली तिथली इमारत 'पुलस्त्य' या नावानं ओळखली जाते. गुप्तांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. मानोऱ्यात आज ती व्हॉल्व्हची नळी शोधायला जुनं सायकल दुकान गाठावं लागतं. बदली म्हणून आम्ही सलाइनची नळी कापून पाहिली, ती काडीला फार सैल होते.

आता घराजवळची गोष्ट. मानोरा तालुक्यातच पोहरादेवी आहे, संत सेवालाल महाराजांचं समाधिस्थान, देशभरच्या बंजारा समाजाचं श्रद्धास्थान. रामनवमीला तिथं पाय ठेवायला जागा नसते. तिथं ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं. त्या इमारतीचं रूप नंगाऱ्याचं आहे. बंजारा समाजात नंगारा पूजेचं वाद्य आहे आणि लांबून ती वास्तू बघताच कुणाचं हे घर ते कळतं. भाचीला मी मुद्दाम तिकडे नेलं, कारण रोजच्या वस्तूपासून त्रिमितीय आकार काढण्याचा हा आमच्या तालुक्यातला सगळ्यांत मोठा नमुना.

वस्तूपासून इमारत करण्याचा हा एक रस्ता: वस्तू आहे तशी मोठी करायची. हैदराबादला राष्ट्रीय मत्स्यविकास मंडळाची कचेरी माशाच्या आकाराची आहे. ओळख पटवायला हा रस्ता चोख आहे आणि पोहरादेवीत तेच हवं होतं. पण मोठं करताना वस्तू तीच राहत नाही. गॅलिलिओनं १६३८ च्या ग्रंथात दाखवलं की लांबी दुप्पट केली की पृष्ठभाग चौपट होतो आणि वजन आठपट. दोन हातांचा नंगारा कातडं आणि धातू यांच्यावर उभा राहतो. इमारतीएवढा झाला की भार झेलायला आत वेगळाच सांगाडा लागतो, नंगारा बाहेर अंगरखा म्हणून उरतो.

दुसरा रस्ता नंगाऱ्याला प्रश्न विचारण्याचा. तू घुमतोस कशामुळे? कातडं सगळीकडून सारखं ताणलेलं आहे म्हणून. सैल पडलं की ते आगीवर शेकतात आणि ताण परत येतो. या ताणातून छत करता येईल का? जर्मन वास्तुविशारद फ्राय ऑटो यांनी असाच प्रश्न साबणाच्या फेसाला विचारला होता. तारेची चौकट साबणाच्या पाण्यात बुडवून काढली की तिच्यात धरलेला पडदा कमीत कमी पृष्ठभागाचा आणि सगळीकडून सारख्या ताणाचा असतो. अशा पडद्यांची मापं घेत घेत त्यांनी ताणलेल्या छतांचा अभ्यास केला आणि १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकच्या मैदानावर तंबूंसारखं पारदर्शक छत पसरण्यात मोठा वाटा उचलला. ते छत कोणत्याही वाद्यासारखं दिसत नाही, तरी माझ्या लेखी नंगाऱ्याशी त्याचं नातं जवळचं आहे. मी पोहरादेवीच्या वास्तूला नावं ठेवत नाही. ती तिचं काम करते. फक्त डिझाइन शिकणाऱ्या मुलामुलींनी पहिल्या रस्त्यावरच घर बांधू नये, असं मला वाटतं.

परतताना भाची बसमध्ये गप्प होती. मग म्हणाली, "मामा, पळसाचा द्रोण पण उलगडून पाहू." पाहिला. पानांचा गोल सपाट तुकडा वाटीसारखा वर घेतला की कडेचा घेर जास्त होतो आणि तो जास्तीचा घेर चुण्यांत जातो. म्हणून द्रोणाला काडी टोचायची ती चुणीवरच. सपाट कागद न ताणता, न चुणता वाटी होत नाही, हे गाऊस या गणितज्ञानं १८२७ मध्ये गणितानं सिद्ध केलं. कपाला चुण्या नाहीत, कारण तो एकाच दिशेनं वाकलेला आहे. कागदी पत्रावळीच्या काठाशी दाबलेल्या बारीक रेघा बघा, त्या शोभेच्या नाहीत.

तिच्या परीक्षेचं काय झालं ते सांगत नाही, तो तिचा प्रश्न. तुम्हाला करून पाहायचं असेल तर कोरे कप घ्या, वापरलेले घेतलेच तर धुऊन पुरते वाळवा. पिना ओठापासून खाली एका बोटावर मारा, त्याहून खाली मारल्या तर स्टेपलर आत जात नाही. आतमध्ये दिवा सोडायची हौस असेल तर एलईडीचाच सोडा, कागद आणि प्लास्टिक दोन्ही पेट घेतात. आणि पट्टीवर माझेच आकडे येतील असं धरून चालू नका. तुमच्या गावच्या टपरीवरचा कप वेगळ्या मापाचा असेल आणि त्याचं कडं वीस कपांत मिटेल किंवा तीस. आधी एक कप कापून उलगडा, म्हणजे किती लागतील ते तोच सांगेल.